सागरतळाचे अनामिक रहिवासी
दुर्लक्षित अपृष्ठवंशी प्राण्यांच्या संशोधनातील नवे प्रवाह

समुद्री जीव म्हटले की मासे, कासवे, डॉल्फिन आणि देवमासे डोळ्यांसमोर येतात. प्रत्यक्षात हे सारे पृष्ठवंशी प्राणी रज्जुमान या एकाच संघातील एका उपसंघाचे सदस्य आहेत. शास्त्रज्ञांनी प्राणिसृष्टीची विभागणी तीसहून अधिक संघांत केली आहे. त्यांपैकी बहुतेकांचे प्रतिनिधी समुद्रात आढळतात आणि काही संघ तर समुद्राबाहेर कोठेच आढळत नाहीत. पाठीचा कणा नसलेल्या या प्राण्यांपैकी कोळंबी, खेकडा, तिसऱ्या आणि माकूल एवढेच काय ते ताटापर्यंत पोहोचतात. प्राणिशास्त्राच्या पदवीधरांना प्रयोगशाळेतील बरणीत पाहिलेले नेरिस, सॅजिटा किंवा बॅलॅनोग्लॉसस आठवत असतील. उरलेल्यांना मात्र सर्वसामान्यांच्या भाषेत नावही नाही.

गेल्या चार दशकांत या अनामिक प्राण्यांच्या अभ्यासाला वेग आला. पूर्वी तो नमुने गोळा करणे, चित्रे काढणे आणि नावे देणे एवढ्यापुरता होता. आता प्राणिसृष्टीचा वंशवृक्ष, नवी औषधे, बंदरांची सुरक्षा आणि खोल समुद्रातील खाणकाम या प्रश्नांशी तो थेट जोडला गेला आहे. भारताचाही त्यात मोठा संबंध आहे. कारण ज्या समुद्रतळावर खनिजांच्या शोधाचे हक्क भारताने मिळविले आहेत, तेथे नेमके कोण राहते याची यादी अद्याप पूर्ण झालेली नाही.

मोजदाद किती झाली?

२०१२ साली जगभरातील शंभराहून अधिक तज्ज्ञांनी एकत्र येऊन सागरी प्रजातींचा ताळेबंद मांडला. त्यानुसार जीवाणू वगळता तोपर्यंत सुमारे २ लाख २६ हजार सागरी प्रजातींची शास्त्रीय नोंद झाली होती. एकूण संख्या ७ ते १० लाखांच्या दरम्यान असावी, असा त्यांचा अंदाज होता. याचाच अर्थ मोठा हिस्सा अजून निनावी आहे. २००० ते २०१० या काळात राबविलेल्या 'सागरी जीवगणना' या आंतरराष्ट्रीय प्रकल्पाने या मोजदादीला गती दिली. २०२३ साली 'ओशन सेन्सस' हा नवा उपक्रम सुरू झाला. दहा वर्षांत एक लाख नव्या प्रजाती शोधण्याचे त्याचे उद्दिष्ट आहे.

मात्र प्रजाती 'सापडणे' आणि तिची 'नोंद होणे' यांत मोठे अंतर असते. नमुना गोळा केल्यापासून त्याला शास्त्रीय नाव मिळेपर्यंत सरासरी २१ वर्षे लागतात, असे २०१२ सालच्या एका अभ्यासात दिसून आले. तो अभ्यास केवळ सागरी प्राण्यांपुरता नव्हता. तरीही संग्रहालयांच्या कपाटांत किती अनोळखी प्राणी वाट पाहत पडले असतील, याची कल्पना त्यावरून येते.

वाळूच्या कणांमधले जग

नव्या संशोधनाचे एक महत्त्वाचे क्षेत्र किनाऱ्यावरच्या वाळूतच आहे. वाळूच्या दोन कणांमधील पाण्याने भरलेल्या फटीत राहणाऱ्या सूक्ष्म प्राण्यांना शास्त्रज्ञ 'मायोफौना' म्हणतात. एक मिलिमीटरच्या चाळणीतून खाली जाणारे आणि अतिसूक्ष्म चाळणीवर अडकणारे प्राणी, अशी त्यांची ढोबळ व्याख्या केली जाते. या अर्थाचा 'मायोबेन्थॉस' हा शब्द मॉली मेअर या ब्रिटिश संशोधिकेने १९४२ साली रूढ केला.

लॉरिसिफेरा हा प्राण्यांचा संपूर्ण नवा संघ याच सूक्ष्म जगात सापडला. डेन्मार्कचे प्राणिशास्त्रज्ञ राइनहार्ट क्रिस्टेन्सेन यांनी १९८३ साली फ्रान्समधील रॉस्कॉफनजीकच्या समुद्रतळातील नमुन्यांवरून त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. सुमारे पाव मिलिमीटर लांबीच्या या प्राण्याचे शरीर कवचासारख्या पट्ट्यांच्या कोषात असते आणि त्यातून काटेरी डोके आत-बाहेर होते. तो इतका काळ दृष्टीआड राहण्याचे कारण त्याच्या सवयीत दडले आहे. लॉरिसिफेरा वाळूच्या कणांना घट्ट चिकटून बसतो आणि नेहमीच्या पद्धतीने नमुना धुतला तर सुटत नाही. गोड्या पाण्याने वाळू धुतल्यावर मात्र क्षारांच्या बदलाचा धक्का बसून त्याची पकड सैल होते. ही साधी युक्ती हाती येताच जगाच्या निरनिराळ्या भागांतून हा प्राणी सापडू लागला. आजवर त्याच्या चाळीसच्या आसपास प्रजातींची नोंद झाली आहे.

क्रिस्टेन्सेन आणि पीटर फुंक यांनी १९९५ साली आणखी एका संघाची भर घातली. नॉर्वे लॉब्स्टर युरोपात आवडीने खाल्ला जातो. त्याच्या तोंडाभोवतीच्या केसांवर अर्ध्या मिलिमीटरहून लहान प्राण्यांची दाटी त्यांना दिसली. 'सिंबिऑन पँडोरा' असे त्याचे नामकरण झाले आणि त्याच्यासाठी सायक्लिओफोरा हा स्वतंत्र संघ निर्माण करावा लागला. लॉब्स्टर जेवू लागला की त्याच्या तोंडून निसटणारे अन्नकण हा प्राणी टिपतो. लॉब्स्टर कात टाकण्याच्या बेताला आला की त्याचे घरच जाणार असते. म्हणून तेव्हा त्याच्या जीवनचक्रात नर-मादीची अवस्था येते आणि पुढची पिढी नवा यजमान शोधायला बाहेर पडते. वर्षानुवर्षे ज्याचे मांस ताटात वाढले जात होते, त्याच्या ओठांवर एक अख्खा संघ राहत असल्याचे विसाव्या शतकाच्या अखेरीस उघड झाले.

प्राणवायूविना जगण्याचा वाद

लॉरिसिफेराने २०१० साली पुन्हा एकदा शास्त्रज्ञांचे लक्ष वेधले. भूमध्य समुद्रात तीन हजार मीटरहून अधिक खोलीवर 'लातालांत' नावाचे खोरे आहे. तेथील पाणी अतिशय खारट असून त्यात प्राणवायूचा अंशही नाही. इटलीच्या रॉबेर्तो दानोवारो यांच्या चमूला तेथील गाळात लॉरिसिफेराच्या तीन प्रजाती आढळल्या. त्या तेथेच आयुष्य काढतात आणि पुनरुत्पादनही करतात, असा दावा त्यांनी केला. तो खरा ठरल्यास प्राणवायूविना संपूर्ण जीवनचक्र पार पाडणाऱ्या बहुपेशीय प्राण्याचे ते पहिले उदाहरण ठरणार होते.

दुसऱ्या एका संशोधक गटाने २०१५ साली या निष्कर्षाबाबत शंका उपस्थित केली. वरच्या थरांतून खाली पडलेले हे मृतदेह असावेत आणि त्यांत शिरलेल्या जीवाणूंमुळे ते जिवंत भासत असावेत, असा या गटाचा युक्तिवाद होता. एवढ्या खोलीवरून नमुना सुस्थितीत वर आणणे अत्यंत कठीण असते. त्यामुळे या प्रश्नावर सर्वमान्य निवाडा झालेला नाही. जिवंत प्राणी जागेवरच अभ्यासता येईल अशी उपकरणे तयार करण्याकडे संशोधकांचा कल वाढण्यामागे असेच वाद आहेत.

डीएनएची मदत आणि डीएनएची फसगत

एकविसाव्या शतकात जनुकीय तंत्राने या क्षेत्राचे रूप पालटले. कॅनडाचे पॉल हीबर्ट यांनी २००३ साली 'डीएनए बारकोड'ची कल्पना मांडली. दुकानातील वस्तूवरच्या पट्ट्यांप्रमाणे जनुकाच्या एका ठराविक तुकड्यावरून प्रजाती ओळखावी, हे तिचे सूत्र. अळी अवस्थेतील प्राणी प्रौढांपेक्षा पूर्ण वेगळे दिसतात. त्यांची ओळख पटविण्यासाठी ही पद्धत विशेष उपयुक्त ठरली. पुढे प्राणी न पकडता केवळ समुद्राच्या पाण्यात विरघळलेल्या डीएनएवरून त्यांचा माग काढण्याचे तंत्रही विकसित झाले.

परंतु डीएनए हा अचूकतेचा परवाना नव्हे, हे झेनोटर्बेला या प्राण्याच्या कहाणीने दाखवून दिले. स्वीडनच्या पश्चिम किनाऱ्यावरील चिखलातून १९१५ साली हा चपटा, कृमीसारखा प्राणी प्रथम गोळा केला गेला. त्याचे वर्णन मात्र १९४९ साली प्रसिद्ध झाले. त्याला मेंदू नाही, गुदद्वार नाही आणि खाण्यासाठी केवळ एक तोंड आहे. त्याला कोणत्या संघात ठेवावे, हे कोणालाच उमगेना. १९९७ साली डीएनए चाचणी झाली आणि हा प्राणी म्हणजे शिंपल्यांचा नातलग असल्याचे जाहीर झाले. सहा वर्षांनी, २००३ साली, दुसऱ्या चमूने ही चूक उघड केली. झेनोटर्बेला शिंपलेवर्गीय प्राणी खातो. चाचणीत आलेला डीएनए त्याचा स्वतःचा नसून त्याच्या पोटातील जेवणाचा होता.

पुढे २०१६ साली अमेरिकी संशोधकांनी पॅसिफिक महासागराच्या खोल तळावरून झेनोटर्बेलाच्या चार नव्या प्रजातींचे वर्णन केले. स्वीडनमधील प्रजाती काही सेंटिमीटरची, तर यांतील सर्वांत मोठी सुमारे २० सेंटिमीटर लांबीची होती. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासांनुसार हा प्राणी डावी-उजवी बाजू असलेल्या प्राण्यांच्या वंशवृक्षावर अगदी प्रारंभी फुटलेल्या फांदीवर बसतो. माणूस, माशी आणि गांडूळ याच वृक्षावर पुढे आले. काही शास्त्रज्ञांना हे स्थान मान्य नाही. ते झेनोटर्बेलाला तारामाशांच्या आणि पृष्ठवंशीयांच्या जवळ ठेवतात.

असाच वाद वंशवृक्षाच्या मुळाशी आहे. सर्व प्राण्यांत सर्वप्रथम वेगळी झालेली शाखा स्पंजांची, असे पाठ्यपुस्तके सांगत आली. २०१३ आणि २०१४ साली कंकतधरांच्या, म्हणजे अंगावरील केसांच्या कंगव्यांनी पोहणाऱ्या पारदर्शक प्राण्यांच्या, दोन प्रजातींचे जनुकसंच उलगडले. त्यांवरून हा मान कंकतधरांकडे जाण्याची शक्यता पुढे आली. गुणसूत्रांवरील जनुकांच्या मांडणीवर आधारित २०२३ सालच्या अभ्यासानेही कंकतधरांची बाजू घेतली. कंकतधरांना चेतापेशी आहेत आणि स्पंजांना नाहीत. हा निष्कर्ष टिकला, तर चेतासंस्था दोनदा स्वतंत्रपणे निर्माण झाली किंवा स्पंजांनी ती गमावली, यांपैकी एक पर्याय स्वीकारावा लागेल. वादाला पूर्णविराम मात्र मिळालेला नाही.

औषधांच्या शोधात

जागेवरून न हलणाऱ्या मऊ प्राण्यांना शत्रूपासून पळता येत नाही. त्यांपैकी अनेकांचे संरक्षण रसायने करतात आणि औषधनिर्मितीला रस आहे तो याच रसायनांत. कॅरिबियन समुद्रातील स्पंजात १९५० च्या दशकात सापडलेल्या रेणूंवरून सायटाराबिन हे रक्ताच्या कर्करोगावरील औषध घडले आणि १९६९ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. शंकूच्या आकाराच्या विषारी गोगलगाईच्या विषापासून तयार झालेले झायकोनोटाइड हे वेदनाशामक २००४ साली, समुद्री पिचकारीपासून मिळालेले ट्रॅबेक्टेडिन २००७ साली युरोपात, तर जपानी स्पंजातील रेणूवर बेतलेले एरिब्युलिन २०१० साली अमेरिकेत वापरात आले.

अडचण असते ती पुरवठ्याची. जहाजांच्या तळाला चिकटणाऱ्या 'बुगुला' या शेवाळासारख्या दिसणाऱ्या प्राण्यापासून ब्रायोस्टॅटिन मिळते. १९९० च्या सुमारास त्याचे अवघे १८ ग्रॅम मिळविण्यासाठी सुमारे १३ टन प्राणी गोळा करावे लागले होते. हे रसायन प्रत्यक्षात त्या प्राण्याच्या आश्रयाला राहणारे जीवाणू बनवितात, हे नंतर स्पष्ट झाले. प्राणी गोळा करण्याऐवजी प्रयोगशाळेत रेणू घडविणे आणि सहजीवी जीवाणूंचा अभ्यास करणे, ही आजची दिशा आहे.

भारतातील वाटचाल

भारतीय समुद्रातील अपृष्ठवंशीयांच्या अभ्यासाची परंपरा जुनी आहे. 'इन्व्हेस्टिगेटर' या सर्वेक्षण जहाजावरील वैद्यक-निसर्गतज्ज्ञ आल्फ्रेड अल्कॉक आणि सेमूर स्यूएल यांनी हिंदी महासागरातील खोल पाण्याचे नमुने गोळा केले. १९१६ साली स्थापन झालेल्या भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे पहिले संचालक नेल्सन अ‍ॅनंडेल यांनी चिलिका सरोवरातील जीवसृष्टीचा पद्धतशीर अभ्यास केला. १९६० च्या दशकात आंध्र विद्यापीठातील पी. एन. गणपती आणि जी. चंद्रशेखर राव यांनी वाल्टेअरच्या पुळणीवर वाळूतील सूक्ष्म प्राण्यांचा मागोवा घेतला. त्याच दशकातील आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेतून गोव्यातील दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचा १९६६ साली जन्म झाला.

अलीकडच्या काळात कोचीन विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठाच्या संशोधकांनी जलअस्वल म्हणून ओळखल्या जाणाऱ्या टार्डिग्रेडच्या नव्या सागरी प्रजाती नोंदविल्या. २०२१ साली केरळच्या किनाऱ्यावरील प्रजातीला 'केरळेन्सिस' हे नाव मिळाले. तमिळनाडूच्या मंडपम किनाऱ्यावरील दोन प्रजातींना अनुक्रमे माजी राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम आणि चांद्रयान मोहीम यांच्यावरून नावे देण्यात आली. एक मिलिमीटरच्या पाचव्या हिश्श्याहूनही लहान असलेल्या प्राण्याला चंद्रमोहिमेचे नाव मिळाल्याने वृत्तपत्रांनी त्याची दखल घेतली.

मुंबईचा या विषयाशी संबंध बंदरामार्फत येतो. जहाजे समतोलासाठी टाक्यांत समुद्राचे पाणी भरतात आणि ते दूरच्या बंदरात सोडतात. त्याबरोबर परक्या प्राण्यांच्या अळ्याही पोहोचतात. मूळच्या कॅरिबियन परिसरातील 'मायटिलॉप्सिस' हा काळ्या पट्ट्यांचा शिंपला १९६० च्या दशकात विशाखापट्टणम येथे आढळला आणि पुढे मुंबईच्या गोद्यांतही पसरला. २००० ते २००४ या काळातील 'ग्लोबॅलास्ट' या आंतरराष्ट्रीय कार्यक्रमात जगातील सहा बंदरांची निवड झाली होती. त्यांत मुंबईचा समावेश होता. परके कोण हे ठरविण्यासाठी आधी स्थानिक कोण याची यादी लागते. मुंबई आणि जवाहरलाल नेहरू बंदरांत ती तयार करण्याचे काम राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने हाती घेतले.

कायद्याचे संरक्षणही ओळखीवरच अवलंबून आहे. प्रवाळ आणि समुद्रकाकड्या यांचा वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली समावेश झाला. त्यामुळेच मुंबईच्या किनारा रस्त्याच्या कामात हाजीअली आणि वरळी येथील प्रवाळांच्या वसाहती २०२० साली परवानगी घेऊन अन्यत्र हलवाव्या लागल्या. अशाच खडकांवर राहणाऱ्या बहुतेक कृमींना, समुद्री पिचकाऱ्यांना आणि ब्रायोझोआंना असे संरक्षण नाही. त्यांची गणती झालेली नसते, म्हणून नुकसानही मोजले जात नाही.

खाणकामाआधी यादी

हा प्रश्न सर्वाधिक तीव्र आहे तो खोल समुद्रात. बहुधातू गोटे हे निकेल, कोबाल्ट, तांबे आणि मँगनीज असलेले बटाट्याच्या आकाराचे दगड चार-पाच हजार मीटर खोलीवर पसरलेले असतात. दहा लाख वर्षांत ते जेमतेम काही मिलिमीटर वाढतात. मऊ गाळाच्या त्या मैदानात टणक आधार केवळ या गोट्यांचाच असल्याने स्पंज आणि इतर अनेक प्राणी त्यांनाच चिकटून राहतात. गोटा उचलला की घरही जाते.

हवाई आणि मेक्सिको यांच्या दरम्यानचा क्लॅरियन-क्लिपर्टन पट्टा हे या गोट्यांचे सर्वांत मोठे क्षेत्र. २०२३ साली ब्रिटनच्या संशोधकांनी तेथील उपलब्ध नोंदी तपासल्या. अंदाजे ५ हजार ५७८ प्रजातींपैकी ८८ ते ९२ टक्के प्रजातींना नावच नसल्याचे त्यांना आढळले. पेरूनजीकच्या खोऱ्यात १९८९ साली समुद्रतळ नांगरून पाहण्यात आला होता. त्या खुणा २६ वर्षांनंतरही स्पष्ट दिसत होत्या. क्लॅरियन-क्लिपर्टन पट्ट्यातच १९७९ साली झालेल्या खाणकाम चाचणीच्या चाकोऱ्या ४४ वर्षांनंतरही कायम आहेत, असे २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात म्हटले आहे. काही प्राणी मात्र तेथे परतू लागल्याचेही त्यात नमूद आहे.

भारताने मध्य हिंदी महासागर खोऱ्यातील ७५ हजार चौरस किलोमीटर क्षेत्रात गोट्यांच्या शोधासाठी आंतरराष्ट्रीय सागरतळ प्राधिकरणाशी २००२ साली करार केला. त्याआधीच, १९९७ साली, राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने तेथे समुद्रतळ मुद्दाम ढवळून प्राण्यांवर होणारा परिणाम तपासण्याचा प्रयोग केला होता. जून २०२१ मध्ये केंद्र सरकारने ४ हजार ७७ कोटी रुपयांच्या 'खोल सागर मोहिमे'ला मंजुरी दिली. तिच्यात खाणकामाचे तंत्र आणि खोल समुद्रातील जैवविविधतेचा शोध ही दोन्ही उद्दिष्टे आहेत. यांतील कोणते आधी पूर्ण होते, यावर बरेच काही अवलंबून राहील.

हिंदी महासागरातील खवलेपायी गोगलगाय या पेचाचे उत्तम उदाहरण आहे. २००१ साली उष्णजलाच्या झऱ्यांजवळ आढळलेल्या या गोगलगाईच्या पायावर लोह-सल्फाइडने मढविलेले खवले असतात. तिला औपचारिक नाव मिळाले ते २०१५ साली. २०१९ साली आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने तिला 'संकटग्रस्त' ठरविले. खोल समुद्रातील खाणकामाच्या धोक्यामुळे लाल यादीत गेलेली ती पहिली प्रजाती. तिचे जे तीन झरे तेव्हा ज्ञात होते, त्यांपैकी दोन खनिज शोधाच्या परवान्यांखाली होते. नाव नसते, तर तिला या यादीत स्थानच मिळाले नसते.

आंतरराष्ट्रीय सागरतळ प्राधिकरणाची खाणकाम नियमावली जुलै २०२५ च्या बैठकीतही अंतिम होऊ शकली नाही. राष्ट्रीय हद्दींपलीकडील सागरी जैवविविधतेच्या संरक्षणाचा करार २०२३ साली संमत झाला. भारताने सप्टेंबर २०२४ मध्ये त्यावर स्वाक्षरी केली. या सर्व दस्तऐवजांत प्रकल्पपूर्व पर्यावरणीय मूल्यमापनाची भाषा आहे. ते मूल्यमापन करणार कोण, हा खरा प्रश्न आहे.

तज्ज्ञांची वानवा

जनुकीय यंत्रे विकत घेता येतात. कृमीच्या पायावरील केसांची रचना पाहून प्रजाती सांगणारा तज्ज्ञ विकत मिळत नाही. तो घडायला अनेक वर्षे लागतात. वर्गीकरणाच्या कामाला प्रतिष्ठेच्या नियतकालिकांत स्थान कमी, निधी तुटपुंजा आणि नोकऱ्या मोजक्या, ही तक्रार जगभर ऐकू येते. केंद्र सरकारने १९९९ साली वर्गीकरणशास्त्राच्या क्षमतावृद्धीसाठी अखिल भारतीय समन्वित प्रकल्प सुरू केला, तो याच जाणिवेतून.

या उणिवेवर काही प्रमाणात हौशी निरीक्षक उपाय ठरत आहेत. २०१७ साली सुरू झालेल्या 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' या उपक्रमात ओहोटीच्या वेळी नागरिकांना खडकाळ किनाऱ्यांवर नेले जाते. समुद्री गोगलगाई, फुलकृमी, झोअँथिड यांची छायाचित्रे खुल्या संकेतस्थळांवर नोंदविली जातात. छायाचित्रावरून नवी प्रजाती सिद्ध होत नाही. पण कोठे काय राहते, याचा तारीखवार पुरावा मात्र तयार होतो. भराव किंवा बांधकामाचा प्रस्ताव आला की हाच पुरावा उपयोगी पडतो.

ओहोटीचे वेळापत्रक सहज मिळते. अमावास्या आणि पौर्णिमेच्या सुमारास पाणी सर्वांत लांब ओसरते आणि खडक उघडे पडतात. तेथे दिसणाऱ्या प्राण्याला हात न लावता, दगड उलटलाच तर पुन्हा जागच्या जागी ठेवून निरीक्षण करावे, एवढाच नियम अभ्यासक सांगतात.